बाईंनीच सांगितलं

इंगोले बाईंनी हात दाखवून एसटी कधी थांबवली नाही. महागावकडून येणारी गाडी दिसली की त्या फाट्यावर डांबराच्या कडेला येऊन उभ्या राहायच्या आणि गाडीकडे चक्क पाठ करायच्या. हातात काळी छत्री, खांद्याला रेक्झिनची पिशवी, मान ताठ. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकायचा, शेवटी करकचून ब्रेक मारायचा, आणि मग बाई सावकाश वळून पायरीवर पाय ठेवायच्या. मी एकदा विचारलं, हे काय बाई? तर म्हणाल्या, "हात दाखवला तं डायवरले वाटते, असंन कोणी. पाठ केली की त्याले वाटते, बुढी मरते आता. मंग ब्रेक लागते." फाट्यावर मंजूर थांबा नव्हता. पण बाई होत्या तोवर सकाळ-दुपार गाडी थांबायची, आणि त्यांच्यामागून तांड्यातले बाजाराला जाणारेही चढून घ्यायचे.

बंजाऱ्यांचा तो तांडा फाट्यापासून मैलभर आत. तिथल्या जिल्हा परिषदेच्या दोन खोल्यांच्या शाळेवर बाई एकट्या होत्या. पहिली ते पाचवी, सगळे वर्ग त्यांच्याकडे. एका खोलीत पोरं आणि दुसऱ्या खोलीत पोषण आहाराचे तांदूळ, असा तो संसार होता. तांड्यातल्या बायका त्यांना याडी म्हणायच्या. याडी म्हणजे आई. बाईंना ते आवडायचं, पण वरून म्हणायच्या, "माह्याच दोन पोरी मले आई म्हणून राह्यल्या तं कान किटले, त्यात हे अजून."

तांड्यावर जाण्याच्या कितीतरी आधी त्या माझ्या बाई होत्या. बोरी अरबच्या बाजूला आमचं लहानसं गाव, तिथे मी दुसरीत. बाईंची हजेरी हा गावात हसण्याचा विषय होता. प्रार्थना झाली की त्या नावं घ्यायच्या, आणि जो ओ देणार नाही त्याचं घर गाठायच्या. वही काखेत, मागे आम्ही सगळे रांगेत, अशी वरात गावातून निघायची. "लेकराचं दार पाह्यल्याबिगर गैरहजर लावाचं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कोणी तापाने फणफणलेला सापडायचा, कोणी बकऱ्यांमागे, कोणी मामाच्या गावाला गेलेला. मामाच्या गावाला गेलेला परत कधी येणार, हे त्याच्या आईकडून पक्कं केल्याशिवाय वहीत लाल खूण होत नसे.

एकदा मी घरी 'आज सुट्टी आहे' असं ठोकून दिलं आणि ओसरीवर कंचे खेळत बसलो. अर्ध्या तासात वरात दारात. आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. म्हणाली, "बाई, सुट्टी हाये ना आज?" माझी तर बोबडीच वळली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "होती. मी रद्द केली. पाठवा त्याले." मारुतीच्या देवळाच्या वळणावर मात्र त्यांनी मला मागे ओढलं आणि कान असा पिरगळला की तीन दिवस त्या कुशीवर झोपता आलं नाही. "सुन्या, लेकराची चोरी घरच्याइसमोर नाही काढाची मी," त्या म्हणाल्या. "एकटं गाठून काढाची. घरी लाज गेली तं लेकरू मंग लाजतच नाही."

पुढे मी डी.एड. केलं आणि महागावच्या बाजूला एका मोठ्या गावातल्या खासगी अनुदानित शाळेत पाचवीला लागलो. शिक्षक झालो म्हणजे काय झालो, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. एप्रिल उजाडला की आमच्यासारखे मास्तर डोक्याला दुपट्टा बांधून गावोगाव पोरं धुंडाळत हिंडतात. आमच्या शाळेत घाला, सायकल देतो, दप्तर देतो, दाराशी गाडी पाठवतो. एकेका घरासमोर तीन-तीन शाळांचे मास्तर समोरासमोर येतात, एकमेकांना नमस्कार करतात आणि चहा घेऊन पुढच्या गल्लीत पांगतात. भाजीवाले तरी ओरडून विकतात. आम्ही हळू आवाजात विकायचो, एवढाच काय तो फरक.

त्या वर्षी आमच्या अध्यक्षसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पाचवीच्या तुकडीला तीन पोरं कमी पडत होती. "सर, तीन आणा, नाहीतर तुकडी जाईल. तुकडी गेली की तुम्ही अतिरिक्त," ते म्हणाले. अतिरिक्त म्हणजे जिल्ह्याच्या कुठल्या तरी टोकाला समायोजन. बायकोची नोकरी इथे, मुलगा बालवाडीत. आजूबाजूची सगळी गावं दुसऱ्या मास्तरांनी आधीच झाडून नेली होती. राहिला होता फाट्यावरचा तांडा, आणि तिथे इंगोले बाई.

एप्रिलचा शेवट, सकाळची शाळा. मी मोटरसायकल लावली तेव्हा बाई पोरांकडून पाढे म्हणवून घेत होत्या. मला पाहून त्यांचा चेहरा असा फुलला की आजही आठवलं की मान खाली जाते. त्यांना वाटलं मी त्यांना भेटायला आलो. "पाहा रे पोट्टेहो, हा माहा विद्यार्थी. लबाड होता पक्का. आता मास्तर झाला." पाढे अर्धवट सोडून त्या मला तांडाभर घेऊन फिरल्या. प्रत्येक दारात तेच, "हा माहा सुन्या, मास्तर झाला." रामधनच्या घरी चहा झाला. त्याची पायल चौथी संपवून बाईंकडेच पाचवीत बसणार होती. आणखी दोन पोरं तिच्याच वर्गात. मला नेमकी तीन हवी होती. मी चहा पीत मनातल्या मनात मोजत होतो.

परतताना बाई स्वतःहूनच बोलल्या. "औंदा पहिलीचे दोन धरून बावीस होतात. बावीसात भागते. वीसच्या खाली गेलं तं शाळा बंद करून राह्यले म्हणतात. गावातली शाळा रस्त्याच्या तिकडं. रस्ता चौपदरी होऊन राह्यला. पहिलीचं लेकरू तो रस्ता कसं पार करंन रे?" मी मान डोलावली. मी कशाला आलो होतो हे तेव्हाच सांगून टाकायचं होतं. बाई ओरडल्या असत्या, कदाचित हाकलून दिलं असतं. पण निदान सगळं उघड झालं असतं.

दोन दिवसांनी मी दुपारी गेलो, बाई गाडीने निघून गेल्यावर. मुद्दाम ती वेळ धरली. रामधन अंगणात बाजेवर बसला होता, त्याची बायको कमलीबाई दारात. मी सायकलीचं सांगितलं, गाडीचं सांगितलं, मोठ्या शाळेतल्या संगणकाचंही सांगितलं. रामधन ऐकत होता, पण त्याचं मन काही होत नव्हतं. शेवटी त्याने विचारलं, "सर, पण बाई काय म्हणते?"

मला विचार करायला वेळच लागला नाही. "बाईंनीच सांगितलं. त्यांचंच म्हणणं आहे की पोरं आता मोठ्या शाळेत गेली पाहिजेत. म्हणून तर त्या मला घेऊन तुमच्या दारी आल्या."

रामधनने बायकोकडे पाहिलं. ते दोघं त्यांच्या गोरबोलीत काहीतरी बोलले. मग कमलीबाई म्हणाली, "याडी म्हणते तं मंग झालं." बाकीच्या दोन घरांत मला फारसं बोलावंही लागलं नाही. रामधननेच सांगितलं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मला होती, आणि नेमकी कुठे वापरायची तेही त्या दुपारी चांगलं कळलं होतं.

जूनच्या अखेरीस शाळा उघडल्या. दाखले काढायला मी रामधन आणि बाकी दोघा बापांबरोबर गेलो. ते एकटे गेले तर बाई त्यांचं मन वळवतील, अशी मला भीती होती. बाई टेबलाशी बसून नवीन पुस्तकांवर शिक्के मारत होत्या. रामधन म्हणाला, "बाई, दाखले पायजे पोराइचे. सरच्या शाळेत टाकतो." बाईंचा शिक्का हातातच राहिला. "काहून रे?" रामधन गोंधळला. "काहून म्हंजे? तुमीच तं सांगतलं म्हणून, बाई. सर म्हणले, बाईनंच सांगतलं."

मी दाराच्या चौकटीशी उभा होतो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, एखादा श्वास आत-बाहेर होईल एवढाच. त्या एका शब्दाने मला तोंडघशी पाडू शकत होत्या. 'मी असं काही सांगितलं नाही' एवढं म्हटलं असतं, तर तिन्ही बाप पोरं घेऊन तिथूनच परत फिरले असते, शाळा वाचली असती आणि मला तांड्यात पुन्हा पाय ठेवता आला नसता. बाई म्हणाल्या, "हो. सांगतलं मी." त्यांनी कपाटातून दाखल्यांचं पुस्तक काढलं आणि तीन दाखले लिहिले, त्यांच्या त्या गोल, एकेक वेलांटी पूर्ण काढणाऱ्या अक्षरात. पायलचा दाखला रामधनच्या हातात देताना मला एवढंच विचारलं, "सुन्या, फाट्यावर पोराइले रस्ता कोण पार करून देईन?" मी म्हणालो, "गाडी दाराशी येते, बाई." त्यांनी मान हलवली आणि पुन्हा शिक्के मारायला घेतले.

त्यानंतर कितीतरी दिवस मी वाट पाहिली. बाई मला एकटं गाठतील, कान पिरगळतील, निदान फोन करून शिव्या तरी देतील. फोन वाजला की आधी नाव पाहायचो. पण त्यांचा फोन कधीच आला नाही. आमची पाचवीची तुकडी टिकली. अध्यक्षसाहेबांनी स्टाफ मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसलो.

बाईंच्या शाळेचा पट एकोणीस झाला. दुसऱ्या वर्षी शाळा रस्त्यापलीकडच्या गावातल्या शाळेत मिळवून टाकली, आणि बाईंना दिग्रसजवळच्या एका शाळेवर पाठवलं. दिग्रस बाईंचं राहतं गाव. झालं, तांड्यात बोलणं सुरू झालं. बाईला घराजवळ बदली पाहिजे होती, म्हणून तिनेच पोरं दुसरीकडे काढून दिली आणि शाळा मोडली. सगळा हिशोब जुळत होता. बाईंनीच सांगितलं होतं, हे तर रामधनने त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. निरोपाला तांड्यातलं कोणी आलं नाही, असं मी नंतर ऐकलं. शेवटच्या दिवशी त्या तांडाभर एक चक्कर मारून आल्या आणि एकट्याच फाट्यावर जाऊन उभ्या राहिल्या म्हणे.

मी ते ऐकून गप्प राहिलो. एकदा नाही, प्रत्येक वेळी. आमच्या स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणालं, "जिल्हा परिषदेचे मास्तर असेच, स्वतःची सोय पाहतात." मी समोरचा चहा संपवला.

त्याच दुसऱ्या वर्षी रस्ता चौपदरी झाला. मधे दुभाजक आला, वर लोखंडी जाळी आली. फाट्यासमोरची वाट बंद होऊन गाडी वळवायची जागा पार पुढे गेली. आमच्या शाळेच्या गाडीवाल्याने चार दिवस तिथून वळसा मारला, मग म्हणाला डिझेल परवडत नाही, पोरांनी रस्ता पार करून इकडच्या बाजूला यावं. पोरं जाळीच्या फटीतून अंग चोरून यायला लागली. दोन्ही बाजूंनी ट्रक. पायलला एकदा एका टेम्पोचा आरसा घासून गेला, खांदा सोलला. दुसऱ्या दिवसापासून कमलीबाईने तिला पाठवलं नाही. दिवाळी झाली होती. मी तुकडीबरोबर सहावीला गेलो होतो, आणि माझ्या हजेरीत मात्र पायल मार्चपर्यंत रोज हजर आहे, कारण तुकडीला तेवढी पोरं दाखवणं भाग होतं. माझ्या हाताने मी रोज तिच्या नावासमोर खूण करत होतो, आणि तिच्या दारी एकदाही गेलो नाही. पायल पुन्हा कुठल्याच शाळेत गेली नाही. पहिलीच्या पोरांना आया सकाळ-संध्याकाळ कडेवर घेऊन रस्ता पार करून देतात. ज्यांना मजुरीला जायचं असतं, त्यांची पोरं घरीच असतात.

बाई मला त्यानंतर एकदाच भेटल्या, दिग्रसच्या बसस्टँडवर. निवृत्त झाल्या होत्या, केस पार पांढरे. मीच टाळून जाणार होतो, पण त्यांनी हाक मारली, "सुन्या, ए सुन्या!" मुलाची चौकशी केली, बायकोची केली, मग पायलची. मी म्हणालो, बरी आहे. त्या म्हणाल्या, "शाळेत हाये का?" मी खाली पाहून म्हणालो, "नाही, बाई." मी कशीबशी सुरुवात केली, "बाई, तेव्हा मी..." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. माझ्या कानाकडे पाहिलं आणि थोडंसं हसल्या. "मोठा झाला तू. माहा हात नाही पुरत आता तिथवर." गाडी लागली आणि त्या चढून गेल्या. त्यांनी मला माफ केलं की माझा नाद सोडला, हे मला अजून कळलेलं नाही. नाद सोडला असावा, असंच वाटतं.

यंदा तुरी काढणीला आल्या तेव्हा बाई गेल्या. झोपेतच गेल्या, त्यांच्या मुलीचा फोन आला. तेरवीला त्यांचे जुने विद्यार्थी बरेच जमले होते. बोरी अरबकडचे होते, दिग्रसचे होते. तांड्यातलं एकही माणूस नव्हतं. कोणीतरी म्हणालं, सुनील सर, तुम्ही बाईंचे लाडके, दोन शब्द बोला. मी उठलो आणि बोललो. गाडीकडे पाठ करून उभ्या राहणाऱ्या बाई सांगितल्या, लोक हसले. हजेरीची वरात सांगितली, बायकांनी डोळ्यांना पदर लावले. माझा आवाजही योग्य जागी दाटून आला. खाली बसलो तर शेजारच्या गृहस्थांनी पाठीवर हात ठेवला. मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललो असेन, पण एकही शब्द खोटा नसलेलं ते भाषण मला सगळ्यांत जास्त लागलं.

पुढच्या रविवारी तांड्यावर गेलो. फाट्यापलीकडे मोटरसायकल ठेवली आणि जाळीच्या फटीतून रस्ता पार केला. तेवढ्यात दोनदा मागे सरावं लागलं. शाळेच्या खोलीला कुलूप होतं, ओट्यावर कुणाच्या तरी तुरी वाळत होत्या. रामधन घरीच होता. कमलीबाई अंगणात शेंगा सोलत बसलेली. पायल आता सोळा-सतरा वर्षांची झाली आहे. तिने बाज टाकली, पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी पाणी घेतलं नाही. आधी बोलतो म्हटलं.

मी सगळं सांगितलं, काही मागे ठेवलं नाही. बाईंनी मला काही सांगितलं नव्हतं. मी खोटं बोललो. दाखल्याच्या दिवशी मी खोटा पडू नये म्हणून बाई 'हो' म्हणाल्या. शाळा बाईंनी मोडली नाही, मी मोडली. आणि बाई गेल्या, त्याला पंधरा दिवस झाले.

रामधनने डोक्याचा दुपट्टा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "हे बाई जित्ती असताना काहून नाही सांगतलं, सर?" खरं उत्तर होतं, मला लाज वाटत होती. पण ते त्याच्यासमोर म्हणवेना. त्याने मला शिवी द्यावी, उठवून लावावं, असं मनापासून वाटत होतं. खरं तर तेवढ्याचसाठी गेलो होतो. शिवी खाऊन परतलो असतो तर थोडं हलकं वाटलं असतं. तो उठला आणि बैलांना पाणी दाखवायला घरामागे गेला.

कमलीबाईचे हात थांबले होते. मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या तरी तिचं लक्ष नव्हतं. "बाई जाऊन राह्यली त्या दिवशी माह्या दारापुढं आली होती," ती म्हणाली. "लय ऊन होतं. कमली, पाणी दे वं, म्हणे. मी आयकलं. आयकून दार लावून घेतलं."

मी म्हणालो, "ताई, तुमची चूक नाही. तुम्हाला माहीत नव्हतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, हेच मला सोसवेना.

"तुमचं तं सांगून झालं, सर," ती म्हणाली. "मी आता कोणाले सांगू?"